हाताने केलेल्या दागिन्यांची अदलाबदल घरी भरवायची तर

टेराकोटाचे झुमके, रेशीम दोऱ्याच्या बांगड्या, क्रोशाची कानातली, मण्यांच्या माळा. हा छंद ज्याला लागला त्याच्या कपाटात घालून होतील त्याहून जास्त दागिने साठतातच. आठ-दहा जणींनी आपापले दागिने घेऊन एकत्र जमायचं आणि पैसे न मोजता अदलाबदल करायची, हा त्यावरचा सोपा उपाय. चहा, गप्पा, सजावट या गोष्टी मुंबईच्या छोट्या घरातही कशाबशा जमतात. बिघडतं ते हिशोबात. कुठल्या दागिन्याचं काय मोल आणि कुणी कधी उचलायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर जिने तीन संध्याकाळी बसून सात पदरी माळ गाठवली ती दोन साध्या कानातल्या घेऊन परतते. तोंडाने काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी येत नाही. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा टोकनांना, म्हणजे पैशांऐवजी मोल मोजायच्या खुणांना, दिली आहे.

माणसं, दागिने, दिवस

पहिल्यांदा भरवत असाल तर आठ जणी पुरेत. प्रत्येकीचे पाच दागिने म्हणजे टेबलावर चाळीस नग. पाचच जणी असल्या तर पंचवीस नगांत स्वतःचे पाच सोडून वीसच उरतात आणि निवड फार लवकर संपते. बाराच्या वर गेलात तर पाळीपाळीने नग उचलायच्या फेऱ्या लांबतात, मागच्यांना कंटाळा येतो आणि वन बीएचकेच्या हॉलमध्ये टेबलाभोवती उभं राहायला जागा उरत नाही. मॅक्रमे (दोऱ्याच्या गाठींचं काम) किंवा तारकाम करणारे मित्र असतील तर त्यांनाही बोलवा. अशा ठिकाणी तेच वेगळं काहीतरी आणतात.

एक अट सुरुवातीलाच घाला: पाचांपैकी कानातली जास्तीत जास्त तीन. ही अट नसली की चाळीसपैकी तीस कानातलीच येतात, कारण ती करायला सोपी आणि आणायला हलकी.

रविवार ठरवत असाल तर लोकलच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून वेळ द्या. ब्लॉक बहुधा सकाळी दहा-साडेदहाला सुरू होऊन दुपारी तीन-चारच्या सुमारास संपतो. त्यामुळे दुपारी साडेचारची वेळ ठाण्याहून येणाऱ्यांना आणि बोरिवलीहून येणाऱ्यांनाही बरी पडते. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांवरून माणसं येणार असतील तर दादर-माटुंग्यात कुणाचं घर मिळतंय का पाहा. सोसायटीचा हॉल घ्यायचा असेल तर सेक्रेटरींना आठवडाभर आधी विचारा. ‘घरगुती कार्यक्रम आहे, विक्री नाही’ हेही तेव्हाच सांगून टाका, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळ्यात रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारं द्रव) नीट बसत नाही. दमट हवेत त्याच्यावर चिकट किंवा धुरकट थर येतो. मातीचे रंगवलेले दागिने पुरते वाळत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला बायका जमतातच, त्याला जोडूनही हे करता येतं. (हलव्याचे दागिने मात्र अदलाबदलीत नकोत. मुंबईच्या हवेत साखरेला ओल सुटते आणि शेजारच्या रेशमी झुमक्याचं वाटोळं होतं.)

निमंत्रणातच नियम

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तीन आठवडे आधी करा. नियम तोंडी सांगू नका, एकाच मेसेजमध्ये लिहा आणि तो पिन करा. साधारण असा:

‘रविवारी दुपारी साडेचार, दादरला. स्वतः केलेले पाच दागिने आणायचे, कानातली जास्तीत जास्त तीन. सोनं, चांदी, मंगळसूत्र, आजीच्या पेटीतलं काही नको. तुटकं नको, कडी सुटलीय इतपत चालेल, पक्कड आहे. शुक्रवारपर्यंत प्रत्येक नगाचा फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून. सव्वापाचला फेऱ्या सुरू. उशीर झाला तर चालू फेरीनंतर घेऊ. खाणं साडेसहाला.’

सोन्याचांदीला नाही म्हणण्याचं कारण व्यवहाराचं आहे. वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव असं सगळं मध्ये येतं आणि गमतीचा कार्यक्रम सराफाच्या पेढीवर जाऊन पोचतो. कानातल्याची तार तेवढी चांदीची असली तर हरकत नाही. घरातल्या जुन्या दागिन्यांची अडचण वेगळी: दिलेला दागिना दुसरीच्या गळ्यात पाहिल्यावर जीव कासावीस होतो. तो परत कसा मागायचा?

फोटोत पट्टी हवीच. पडद्यावर तीन इंची दिसणारा झुमका हातात घेतल्यावर दीड इंचाचा निघतो.

मापं

प्रत्येक नगाला दोऱ्याने एक छोटा टॅग बांधा. त्यावर क्रमांक, कशाचा केला आहे, माप आणि कानातलं असेल तर तारेचा धातू. करणारीचं नाव टॅगवर नको. ते क्रमांकासमोर यजमानांच्या वहीत राहू द्या. हात ओळखणाऱ्या ओळखतातच, पण नाव समोर लिहिलेलं असलं की भीड पडते आणि मनातून आवडलेलं नसतानाही उचललं जातं.

बांगड्यांची मापं बहुतेकींना तोंडपाठ असतात: दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-सहा, दोन-आठ म्हणजे अडीच. मधले आकडे इंचाचे सोळावे भाग आहेत, म्हणजे दोन-सहाचा आतला व्यास सुमारे ६० मिलिमीटर. गोची होते ती रेशीम दोऱ्याच्या बांगडीत. दोन-सहाच्या प्लॅस्टिक बांगडीवर दोरा गुंडाळला की आतल्या बाजूला दोरा आणि गोंद यांचा थर बसतो. दोन्हीकडून एकेक मिलिमीटर धरला तरी व्यास ५८ वर येतो, म्हणजे जवळजवळ दोन-चार. दुकानातून आणताना जे माप होतं ते टॅगवर लिहू नका. तयार बांगडी आतून मोजा.

माळेची लांबी हूक लावून, सरळ धरून मोजा. गळ्याला लागून बसणारी चिंचपेटी किंवा ठुशीच्या घाटाची माळ १२ ते १४ इंच, गळ्याच्या हाडापाशी येणारी १८, ब्लाऊजवर साडीसोबत उठून दिसणारी २२ ते २४. मागे सरकती दोरी असेल तर ‘१४ ते २०’ असं लिहा. अशी माळ कुणालाही होते, म्हणून ती पहिल्या फेरीतच जाते.

टेराकोटाचे आणि मोठ्या मण्यांचे झुमके स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाका. एका कानाला दहा ग्रॅमच्या वर गेलं की लग्नाच्या दुपारपर्यंत कानाची पाळी ओढू लागते. अशा झुमक्याला मोत्याची वेल (कानावरून केसांत अडकवायची साखळी) जोडून आणली तर त्याचा उपयोग खरोखर वाढतो.

टेबलावर ठेवण्याआधी तपासणी

आल्या आल्या दागिने थेट टेबलावर जाऊ देऊ नका. दाराजवळ स्टुलावर एक चाचणीची जागा करा आणि दोघी जणी तिथे बसवा. पाच नगांना पाचेक मिनिटं लागतात.

पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा आणि रंगवलेल्या नगावर दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर तो घामालाही लागणार, म्हणजे ब्लाऊजची कॉलर गेलीच. कानातलं तारेला धरून दहा हिसके द्या. खडा नखाने हळूच उचकून पाहा. माळ उजेडाकडे धरून दोन मण्यांच्या मधला दोरा बघा: कुठे लव सुटलेली दिसली तर त्या मण्याच्या भोकाची कड धारदार आहे आणि दोरा तिथेच तुटणार. काचेच्या आणि धातूच्या स्वस्त मण्यांमध्ये हे फार आढळतं.

सर्वांत जास्त नग अडतात ते कडीपाशी, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या तारेच्या छोट्या गोल रिंगेपाशी. कडीच्या दोन टोकांमध्ये केसाएवढी फट जरी राहिली तरी दोरा किंवा पातळ साखळी त्यातून निसटते. ही दुरुस्ती प्रत्येकीला यायला हवी. दोन चपट्या पकडी घ्या, फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक धरा. एक टोक आपल्याकडे आणि दुसरं पलीकडे सरकवा, दार उघडावं तसं. बंद करताना त्याच वाटेने परत आणा, किंचित पुढे नेऊन मागे घ्या. टोकं एकमेकांना घासल्याचा बारीक खर्र आवाज आला की कडी बसली. टोकं डावी-उजवीकडे ओढून कडी फाकवली तर गोल आकार बिघडतो आणि ती पुन्हा कधी नीट मिटत नाही. ती फेकून नवी घाला.

दुरुस्तीच्या डब्यात दोन चपट्या पकडी, एक गोल तोंडाची, एक कटर, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या कड्या प्रत्येकी पन्नास, स्टीलच्या कानाच्या तारांच्या दहा जोड्या, रबरी फिरक्या, चार-पाच हूक आणि दोन इंची जोडसाखळ्या ठेवा. हे सगळं भुलेश्वरच्या गल्ल्यांत किंवा मालाडच्या नटराज मार्केटमध्ये मिळतं. वजनावर किंवा पाकिटाने घ्या, सुटे नग महाग पडतात. गोंद मात्र त्या दिवशी वापरू नका. दोन भागांच्या इपॉक्सीला पुरती ताकद यायला चोवीस तास लागतात, आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ खड्याभोवती पांढरी बसते, विशेषतः दमट हवेत. ज्याचा खडा हलतो तो नग घरी परत.

कान आणि कातडी

आधी घातलेली कानातली असतील तर नुसती तार किंवा दांडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि वाळू द्या. स्पिरिट मोत्याला, अ‍ॅक्रिलिकला किंवा रंगाला लागू देऊ नका. मोत्याची झळाळी जाते, अ‍ॅक्रिलिकला तडे जातात. टेबलाशी कानातलं कानात घालून बघायचं नाही, हा नियम कडक हवा. आरशासमोर कानाशेजारी धरून अंदाज येतो. नथ चापाची असेल तर घालून बघा, टोचायची असेल तर नाही.

पुरळ आणि खाज बहुतेक वेळा निकेलमुळे येते. स्वस्त तारांमध्ये ते असतं आणि घामाने सुटतं. टॅगवर धातू लिहायला सांगतो तो यासाठी. ‘माहीत नाही’ असंही चालेल, पण कोरं नको. ज्यांना त्रास होतो त्यांनी झुमका आवडला तर घ्यावा आणि तार बदलून ९२.५ चांदीची किंवा टायटॅनियमची लावावी. पितळेने किंवा तांब्याने कातडी हिरवी झाली तर घाबरू नका, ते धातूवर घामाची क्रिया झाल्याने होतं आणि साबणाने जातं. अंगठीच्या आतून पारदर्शक नेलपॉलिश लावायची युक्ती चालते, पण काही दिवसच. थर झिजला की पुन्हा लावावा लागतो.

टोकन: कुणी, कसं, किती

टोकन म्हणून चिंचोके घ्या. बटणं आणि मणी नकोत, कारण अर्ध्या तासात कुठलं टोकन आणि कुठला दागिन्याचा सुटलेला मणी हे कळेनासं होतं.

प्रत्येक नगाला एक, दोन किंवा तीन चिंचोके. मोल ठरवायचं ते तपासणीला बसलेल्या दोघींनी मिळून. करणारीने स्वतः नाही आणि यजमानांनी एकटीनेही नाही. त्या दोघींच्या स्वतःच्या नगांचं मोल तिसरी करेल. कसोटी एकच ठेवा: सराव असलेल्या हाताला हे करायला किती वेळ लागेल? तासाच्या आत असेल तर एक. एक ते तीन तास असतील तर दोन. त्याच्या वर तीन. ‘सराव असलेल्या हाताला’ हे शब्द महत्त्वाचे. नवखीला साध्या झुमक्याला चार तास लागतात, म्हणून तो झुमका तीनचा होत नाही. सामानाची किंमत धरू नका; तोच मणी घाऊक बाजारात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात वेगळ्या भावाने मिळतो आणि त्यावरून वाद संपत नाही. दुरुस्त केलेल्या नगाचा एक चिंचोका कमी, मात्र एकाच्या खाली नाही.

कुणाचेही तीनचे नग एकाहून जास्त धरू नका. ही मर्यादा नसेल तर मैत्रिणींना वाईट वाटू नये म्हणून सगळंच तीनचं होतं आणि मग मोल करण्याला अर्थच राहत नाही.

जिच्या नगांचं जेवढं मोल, तेवढे चिंचोके तिच्या हातात. समजा एकीने दोन एकचे, दोन दोनचे आणि एक तीनचा असे नग आणले, तर तिला नऊ चिंचोके. सगळे नग एकचेच असतील तर पाच. टेबलावरचं एकूण मोल आणि हातातले एकूण चिंचोके असे नेहमी सारखे राहतात. वहीत ही बेरीज करून बघा. जुळली नाही तर फेऱ्या सुरू करायच्या आधीच चूक शोधा.

इन्स्टाग्रामवर दागिने विकणारी कुणी आली तर तिच्या दुकानातली किंमत इथे धरायची नाही, हे तिला आधीच सांगा. साडेआठशेला विकलेला हार इथे तीन चिंचोक्यांचाच. तिला ते पटत नसेल तर ती साधे नग आणेल, आणि ते ठीकच आहे.

फेऱ्या

चिठ्ठ्या टाकून क्रमांक ठरवा. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसरीत आठ ते एक, तिसरीत पुन्हा एक ते आठ. दर फेरीला एकनेच सुरुवात केली तर तिला प्रत्येक वेळी सर्वांत चांगला नग मिळतो आणि आठव्या क्रमांकाला उरलंसुरलं. उलटसुलट गेल्यावर आठवीला लागोपाठ दोन नग उचलता येतात, तेवढ्याने तिची भरपाई होते.

आपल्या पाळीला एकच नग, तेवढे चिंचोके देऊन. नको असेल तर ‘पास’. एकदा उचललेला नग परत ठेवता येत नाही. प्रत्येकीला एक मिनिट द्या आणि मोबाइलवर टायमर लावा, नाहीतर चौथ्या क्रमांकाशी दहा मिनिटं जातात. आठ जणी, पाच फेऱ्या, चाळीस मिनिटं. ओढाताण धरून पन्नास. फेऱ्यांआधी पंधरा मिनिटं सगळ्यांना टेबल बघू द्या, पण ‘हे माझ्यासाठी ठेव हं’ अशी बुकिंगं अजिबात घेऊ नका.

अडचण हमखास शेवटी येते. एखादीकडे तीन चिंचोके उरतात आणि टेबलावर फक्त एकेकचे तीन नग, तिला एकही नको असलेले. जबरदस्तीने घ्यायला लावू नका. तिने उरलेल्या तीन चिंचोक्यांत उपस्थितांपैकी कुणाकडून तरी एक नग करवून घ्यावा, पंधरा दिवसांत. करणारीने होकार दिला तर वहीत तारीख, रंग आणि माप लिहा. होकार कुणीच दिला नाही तर ते चिंचोके पुढच्या वेळेसाठी तिच्या नावावर जमा. न उचललेले नग करणारीकडे परत जातात, आणि कुणाचे ते मोठ्याने जाहीर करायची गरज नाही. जाताना पिशवीत घालून द्या.

टेबल, उजेड, खाणं

टेबलावर एकरंगी, गडद चादर घाला. फुलाफुलांच्या चादरीवर मण्यांची माळ शोधावी लागते. बांगड्या लाटण्यावर ओवा, माळा काचेच्या बाटल्यांच्या गळ्यात घाला, कानातल्यांना अंड्यांचा रिकामा ट्रे, टेराकोटा जाड नॅपकिनवर. दोन आरसे हवेत, एकाने रांग लागते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून टेबल खिडकीशी लावा आणि पांढरा दिवा आधीच लावून ठेवा. पिवळ्या दिव्यात राणी आणि लाल रंगातला फरक कळत नाही. पंखा एकवर. क्विलिंगची (कागदाच्या पट्ट्यांची) कानातली दोनवर उडतात.

खाणं फेऱ्या संपल्यावरच, आणि हे चिवड्यालाही लागू आहे. बटाटेवड्याचं तेल किंवा चिवड्याची हळद रेशीम दोऱ्याला लागली की निघत नाही. फेऱ्या चालू असताना टेबलापासून लांब पाण्याचं भांडं ठेवा, बस. साडेसहाला वडे, कोथिंबीर वडी, चहा, मनसोक्त. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर सुटे मणी आणि कड्यांचा डबा उंचावर, आणि शेवटी फरशी झाडून घ्या.

लोकलने नेताना, आणि दुसऱ्या दिवशी

दागिने पर्समध्ये सुटे टाकून लोकलमध्ये चढलात तर दादरला उतरेपर्यंत टेराकोटाचा टवका उडालेला असतो. स्टीलचा चपटा डबा, तळाशी आणि वर कापसाची घडी, प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत, माळेचं हूक लावून. चांदीच्या तारांना रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने त्या काळ्या पडतात. ऑक्सिडाइज्ड नग पॉलिशच्या कपड्याने पुसू नका. त्याचा काळपटपणाच तर हवा असतो.

ग्रुप दोन दिवस तरी चालू ठेवा. तार सुटली, मणी गळला, रंग उतरला असं काही निघालं तर अठ्ठेचाळीस तासांत फोटो टाकायचा आणि करणारीने दुरुस्त करून द्यायचं. त्यानंतरची दुरुस्ती घेणारीची. चिंचोके मोजून वहीबरोबर डब्यात ठेवा. तपासणीत परत गेलेले नग दुसऱ्यांदा जमताना मोडून त्यांचे मणी, हूक आणि साखळ्या वेगळ्या वाट्यांत काढता येतात, आणि त्यातून जे लागेल ते कुणीही चिंचोका न देता उचलावं.